दोन्ही हात डोक्यावर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तसा माझ्या पोटात काही राहत नाही असाच माझा लौकिक. कुणाची सोयरीक मोडली, कुणी कुणाचा बांध कोरला, माझ्या कानावर आलं की संध्याकाळपर्यंत आमच्या सांगवी गावभर झालेलं असतं. पण ही एक गोष्ट आत राहिली. इतकी राहिली की ती सांगायला तोंड उघडलं की आधी दुसरंच काहीतरी बाहेर येतं. आताही तसंच होणार, मला माहीत आहे. मी आधी पार्काचं सांगेन, मग माणसांच्या टंचाईचं, मग उन्हाचं. ऐकून घ्या. पण त्यातलं काहीही कारण म्हणून धरू नका — मी धरून पाहिलंय, ते हातात टिकत नाही.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं पार्क आहे. नाव सांगत नाही, आणि तुम्ही ओळखायला बसू नका. तीन बाजूंना ऊस, मधे पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा हौद, दोन-चार पाळणे, आणि वाढदिवसांसाठी एक हिरवळ. सगळे मला ‘सर’ म्हणतात, छातीवरच्या पट्टीवर मॅनेजर असं लिहिलेलं आहे. पण खरं काम एकच — माणसं आणायची, आणि आणलेली टिकवायची. ते मला कधी जमलं नाही.

पोरं यायची, हंगामभर शिट्टी फुंकायची, आणि जरा हुशार झाली की एमआयडीसीतल्या कंपनीत जायची. का जाणार नाहीत? तिथे रविवारी सुट्टी असते. आमच्याकडे रविवार म्हणजे मरणाचा दिवस. जगाची सुट्टी ती आमची कामाची वेळ — जत्रा, लग्नसराई, दिवाळी, सगळं दुसऱ्यांचं. आणि माझा नियम असा की हंगामात सुट्टी द्यायची नाही. कुणी येऊन खरं सांगितलं की ‘सर, बहिणीचं लग्न हाय’, तर मी म्हणायचो, लग्न काय, मांडव तुझ्यावाचून पडणार आहे का? मग लोक शहाणे झाले. आमच्या पार्कात सुट्टी मागायची पद्धत राहिली नाही, मयत सांगायची पद्धत पडली. मयतीला मी नाही म्हणू शकत नव्हतो. एकेकाची आजी हंगामात दोनदा-तीनदा वारायची, आणि मीही तोंडभर दुःख दाखवून ‘जा बाबा, सावकाश ये’ म्हणायचो. दोघांनाही ठाऊक असायचं. हसायला येतं ना? मलाही यायचं. माणसांना खोटं बोलायला मीच शिकवलं, आणि मग ‘हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही’ असं मीच मालकांपुढे रडायचो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

बघा, गेलोच की नाही भलतीकडे? हत्तीचं सांगायचं होतं.

आमच्या पार्कात एक हत्ती होता. बंडू हत्ती. फोमचा, वर करडा लोकरी कपडा, मोठं पोट, मोठं डोकं, हलणारी सोंड. आत माणूस. तो दिवसभर पार्कात हिंडायचा, पोरांशी हात मिळवायचा, फोटोला उभा राहायचा. आतल्या माणसाला हत्तीच्या तोंडातल्या जाळीतून जेवढं दिसेल तेवढंच जग. डोक्यात एक छोटा पंखा बसवलेला होता, तो केव्हाच बंद पडला होता. पाठीला लांब चेन — ती आतून उघडत नाही. हे नीट लक्षात घ्या. हत्तीतला माणूस आपल्याआपण बाहेर येऊ शकत नाही. दुसऱ्याने चेन उघडायची, तेव्हा तो सुटणार. म्हणून हत्तीबरोबर कायम एक जोडीदार चालायचा, पाणी आणि टॉवेल घेऊन.

पूर्वी एकदा हत्तीतल्या एका पोराने गुटखा थुंकायला सगळ्यांसमोर जोडीदाराकडून हत्तीचं डोकं काढून घेतलं. एक लहान मुलगी असली किंचाळली की दिवसभर थांबेना. मालक माझ्यावर उखडले. तेव्हा मी नियम केले — मीच केले, दुसऱ्या कुणी नाही. हत्तीने बोलायचं नाही. पोरांसमोर डोकं काढायचं नाही. आणि आत जीव घाबरला, चक्कर आली, काहीही झालं, तर दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. ती खूण दिसली की जोडीदाराने हातातलं काम टाकायचं आणि हत्तीला धरून मागच्या स्टोअरमध्ये न्यायचं. चांगला नियम होता. मला त्याचा अभिमान होता.

पण हत्ती व्हायला कुणी तयार होईना. उकाडा तर होताच, शिवाय गावातली पोरं चिडवायची — हत्तीच्या पोटातनं आला, हत्तीच्या पोटातनं गेला. तेव्हा मी दगडूतात्यांना विचारलं.

दगडूतात्या निरवांगीचे. आमच्याकडे माळीकाम करायचे, हिरवळ त्यांच्याच हाताखाली होती. वय पन्नाशीच्या पलीकडचं. वडिलांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, ती गेली, आता नीरेकाठचं थोडं रान होतं आणि हे काम. स्वभावाने गरीब, पण नाचात पटाईत — गावच्या जत्रेत धनगरी गजीनाचाच्या ढोलावर रुमाल घेऊन नाचायला लागले की पोरंसोरं बाजूला व्हायची. मला वाटलं, नाचणारा माणूस आहे, हत्ती शोभेल. तात्यांनी एका शब्दाने कुरकूर केली नाही. म्हणाले, “तुमी म्हनला तर घालतो की. उन्हाचं काय, मेंढरांमागं उन्हातच वाढलोय आमी.”

आणि खरंच शोभला तो हत्ती. गजीच्या ठेक्यावर सोंड हलवत असा काही नाचायचा की मोठी माणसंही मोबाइल काढून उभी राहायची. तात्या एकदाही नियम मोडायचे नाहीत. आतून आवाज नाही. पोरं पोटात गुद्दे मारायची, शेपूट ओढायची, तरी आवाज नाही. त्यांची कधी मयतही झाली नाही — म्हणजे सुट्टीसाठी. त्यांची एक चुलती खरंच वारली तेव्हा ते दुपारपर्यंत काम करून मग सांगायला आले, की जाऊ का.

म्हणून मी म्हणतो, माझ्याजवळ तेवढीही पळवाट नाही. लोक खोटं बोलतात म्हणून मी यांच्यावरही विश्वास ठेवला नाही — असं म्हणता आलं असतं, दुसरा कुणी असता तर. तात्यांच्या बाबतीत नाही म्हणता येत.

मे महिन्यातला रविवार होता. लग्नाची दाट तिथ. सकाळी गेटवर उभा राहून पाहतो तर निम्मी माणसं नाहीत. फोनवर फोन — कुणाचा मामा गेला, कुणाची आत्या. लाटांच्या हौदावर माणूस नाही म्हटल्यावर हौद बंद ठेवावा लागणार, आणि तो बंद ठेवला तर लोक गेटवर तमाशा करणार. मी तात्यांच्या जोडीदाराला उचलून हौदावर बसवलं. त्याला पोहता येत होतं, एवढंच पाहिलं. हत्तीबरोबर कोण, असं तात्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी आहे ना.

मी आहे ना. हे मी म्हणालो होतो.

त्या दिवशी एका मोठ्या ठेकेदाराच्या नातवाचा वाढदिवस होता. सगळी हिरवळ त्यांनी घेतली होती. पाहुणे यायचे होते सकाळी, आले दुपारी, ऊन भाजून काढत असताना, आणि त्यांची मोठी फर्माइश एकच — केक कापताना नातवाच्या मागे हत्ती पाहिजे. मालक स्वतः हजर. सकाळीच त्यांनी मला सगळ्यांदेखत झाडलं होतं. “तुझी मानसं ऐन टायमालाच कशी रं मरत्यात?” मी खाली मान घालून उभा होतो. एरवी तात्या थोडा वेळ हिंडले की स्टोअरमध्ये जाऊन पंख्याखाली बसायचे. त्या दिवशी पाहुणे आत्ता येतील, आत्ता येतील म्हणून मी त्यांना बसू दिलं नाही. चेन उघडायची, परत घालायची, त्यात वेळ जातो म्हणून. पाणीही जाळीतून नळीने पाजलं असतं — पण ती नळी हौदावर गेलेल्या जोडीदाराच्या पिशवीत राहिली होती. आणायला जायला कितीसा वेळ लागला असता? मी गेलो नाही.

केक आला. मेणबत्त्या लागल्या. सगळी पाहुणेमंडळी अर्धगोल करून उभी, मधे टेबल, टेबलामागे ते पोर, पोरामागे हत्ती. मी समोरच्या बाजूला, मालकांच्या शेजारी. फोटोवाला ‘इकडे बघा’ म्हणाला आणि मी पण बघितलं, हत्तीकडे.

तात्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

पाहुण्यांना तो नाचातलाच हात वाटला असेल. बायका हसल्या, एकीने आपल्या पोरालाही तसे हात ठेवायला लावले. खूण ओळखणारा माणूस त्या हिरवळीवर मी एकटा होतो. मी पाहिली. अर्धवट नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यातून नाही — सरळ, समोरून, पुरती पाहिली. आणि मला कळलं. एका क्षणात कळलं, हेही सांगतो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत होतो की कळायला वेळ लागला असेल. नाही लागला.

मला तेव्हा काय दिसलं असेल? मालकांचा चेहरा दिसला. केकवर वाकलेलं पोर दिसलं. आता हत्तीला तिथून काढलं तर काय काय ऐकावं लागेल ते सगळं आधीच ऐकू आलं. आणि मी छातीजवळ हात धरून, कुणाला दिसू नये असा, पंजा दाखवला. थांबा म्हणून. एवढं होऊ द्या.

हत्तीने मान हलवली.

हो. हलवली. तात्यांना जाळीतून माझा हात दिसला, आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावरून काढले, खाली घेतले, आणि एक त्या पोराच्या खांद्यावर ठेवला. फोटोसाठी ठेवतात तसा. मी म्हणालो थांबा, आणि तो माणूस थांबला. ओरडला असता तर? आतून नुसतं ‘सर’ म्हणाला असता तरी टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ऐकलं असतं. पण हत्तीने बोलायचं नाही हा नियम होता, आणि नियम माझा होता.

टाळ्या झाल्या, गाणं झालं, केक भरवायला सुरुवात झाली. आणि हत्ती मागच्या मागे बसला, मग आडवा झाला. पोरांना वाटलं बंडू झोपला. सगळी धावली. एक त्याच्या पोटावर चढून बसलं आणि घोडा घोडा करायला लागलं. लोक हसत होते. मीही हसलो. हे सांगायचं नव्हतं, पण आता निघालंच आहे तर राहू दे — मीही हसलो, आणि हसता हसता मनात म्हणत होतो, तात्या उठा, उठा आता.

उठेनात तेव्हा धावलो. चेन अडकली होती. घामाने भिजलेला कपडा तिच्यात गुंतला होता. शेवटी केक कापायची सुरी घेऊन मी हत्तीची पाठ फाडली. आतला माणूस तव्यासारखा तापला होता. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. पार्काच्या जीपमधून बारामतीला नेलं.

वाचले ते. लोक म्हणाले, नशीब बलवत्तर. उष्माघात मेंदूपर्यंत गेला होता — डॉक्टरांनी सांगितलं, जीव राहील, पण बोलणं आणि तोल यांचं काही खरं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मालकांनी मला विचारलं, आत त्रास झाला तर काहीतरी खूण असते म्हणतोस, ती केली नाही का त्यांनी? मी म्हणालो, नाही. एवढंच. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. विचार करून बोललो असंही नाही. तो शब्द तोंडात आधीच येऊन बसला होता.

मग सुलाकाकू आल्या. तात्यांची बायको. रानातून तशाच आलेल्या, पायाला चिखल. भांडायला आल्या असतील असं वाटून मी भिंतीला टेकलो. पण त्या भांडल्या नाहीत. त्यांनी मला हळूच विचारलं, “म्हाताऱ्यानं डोस्क्याला हात न्हाय लावला व्हय, सर?” म्हणजे तात्यांनी घरी ती खूण सांगितली होती. कौतुकाने सांगितली असणार, की सरांनी आमच्यासाठी सोय करून ठेवलीय. मी म्हणालो, नाही ना काकू. लावला असता तर मी —

वाक्य त्यांनीच पुरं केलं. “पळत आला असता तुमी. ठावं हाय मला.”

तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. त्या एकट्या होत्या, मी एकटा होतो. पण मी हो म्हणून मान डोलावली.

एकदा बोललेलं खोटं बसून राहत नाही, त्याला रोज काम लागतं. पुढच्या हंगामात नवी पोरं आली. सकाळी गेट उघडायच्या आधी मी सगळ्यांना रांगेत उभं करून सूचना देतो, तशी दिली. कुणालाही त्रास झाला तर लगेच सांगायचं, लाजायचं नाही. आणि मग — का कोण जाणे — माझ्या तोंडून गेलं, “आपल्या दगडूतात्यांचं काय झालं ऐकलंय ना? वेळेवर हात वर केला असता तर आज धडधाकट असते.” पोरांनी गंभीर माना डोलावल्या. दुसऱ्या वर्षी परत सांगितलं. तिसऱ्या वर्षी मला सांगावंच लागलं नाही, जुनी पोरं नव्यांना सांगायला लागली. आमच्या पार्कात ती म्हणच पडून गेली — तात्यावानी करू नकोस, बोल लवकर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि फाशी द्यायला रोज सकाळी चोरच उभा.

निरवांगीतही तेच पसरलं. तात्याला नाचायचा लई नाद, भान राहिलं न्हाय. नाचातच वाया गेला म्हातारा. पारावर बसून लोक हसून बोलायचे, वाईट मनाने नाही. ज्या नाचासाठी त्यांना गावात मान होता, त्याच नाचाच्या नावाने त्यांना वेड्यात काढलं गेलं.

मी जायचो त्यांच्याकडे. दिवाळीला, संक्रांतीला. न जाऊन कसं चालेल? गावात चांगलं दिसायचं की सर अजून विसरले नाहीत. तात्या पडवीत खाटेवर बसलेले असायचे, भिंतीला उशी लावून. तोंडातून लाळ यायची, ती सुलाकाकू पदराने पुसायच्या आणि पुसता पुसता बोलायच्या. प्रेमाची बाई, पण तोंड कडक. “हट्टी मानूस. एवढा हात उचलाया काय झालं हुतं? सर समोर हुतं. पन न्हाय, ह्याला नाचायचं हुतं.” रोज असंच बोलत असणार. जेवण भरवताना, अंघोळ घालताना. नवऱ्यावर रागवायला माणसाला काहीतरी लागतं, आणि ते मी त्यांना पुरवलं होतं. तात्यांना ऐकू सगळं यायचं. उत्तर देता यायचं नाही.

एका दिवाळीला मी फराळाची पिशवी घेऊन बसलो होतो. काकू चहा गाळत होत्या आणि त्यांचं चाललं होतं नेहमीचं. तात्या माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात उचलायला सुरुवात केली. दोन्ही. इतके थरथरत होते की डावा दोनदा मांडीवर पडला. पण उचलले, कानापर्यंत नेले, आणि डोक्यावर ठेवले. ठेवून तसेच बसले, माझ्याकडे बघत. काकूंनी वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “बघा! आता लावतोय हात. तवा कुठं गेलता रं बाबा?” आणि रडायलाच लागल्या.

तात्यांना काय म्हणायचं होतं? मला नीट कळलं होतं. ते तिला सांगत होते. तिला कळेना, म्हणून माझ्याकडे बघत होते — की सर, तुम्ही सांगा. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पार्कात कामावर असताना बघायचे तसेच बघत होते, सर सांगतील म्हणून. मी चहा प्यायलो. कपबशी खाली ठेवली, काकूंना म्हणालो, त्रास करून घेऊ नका. तात्यांचे हात अजून डोक्यावरच होते. मी उठून ते धरले आणि खाली घेतले. माझ्या हातांनी. त्यांनी घेऊ दिले.

यंदा ते गेले.

दहाव्याला मी नीरेवर गेलो. उन्हं चढली होती. वाळवंटात पिंड मांडला होता, माणसं लांब सरकून उभी होती, आणि बाभळीवर कावळे बसले होते. येईनात. आपल्याकडे कसं असतं तुम्हाला माहीत आहे — कावळा शिवेना म्हटलं की माणसं एकेक करून पुढे होतात, गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते बोलतात, शब्द देतात. त्यांचा मुलगा संपत पुढे झाला, म्हणाला आईला अंतर देणार न्हाय. कावळे हलले नाहीत. पुतण्या म्हणाला, नदीकडचं रान पडीक ठेवनार न्हाय. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने जुना काही रुसवा होता तो जाहीर माफ केला. काही नाही. ऊन वाढत चाललं, बायका कुजबुजायला लागल्या. मग कुणीतरी म्हणालं, “सर, तुमी बोला. तात्याचा लई जीव हुता तुमच्यावर.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुलाकाकूंनीही. मी चपला काढून पुढे गेलो, हात जोडले. माझा कावळ्यावर विश्वास आहे की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळी मला पक्कं कळत होतं की तात्या कशासाठी थांबलेत. वाक्य तयार होतं. इतकं छोटं वाक्य — तात्यांनी खूण केली होती, मी पाहिली होती. सगळं गाव समोर, त्यांची बायको समोर. ह्यापेक्षा चांगली जागा मला जन्मात मिळणार नव्हती. तोंड उघडलं. आणि मी म्हणालो, “तात्या, संपतला मी पार्कात चिकटवतो. तुम्ही काळजी करू नका.”

एक कावळा उतरला. पिंडावर चोच मारली, मग दुसरा आला. भूक लागली असेल, दुसरं काय. पण लोकांनी श्वास सोडला, कुणी देवाचं नाव घेतलं, संपत माझ्या पाया पडायला वाकला. मला सगळं दिसत होतं आणि ओरडावंसं वाटत होतं, की तो खोटं खातोय, त्याला हाकला.

परत निघालो तेव्हा चढाला सुलाकाकूंचा पाय घसरत होता, म्हणून मी त्यांचा हात धरला. चढता चढता त्या बोलल्या. डोळे कोरडे होते, आवाजात थोडं हसूही होतं. “जल्मभर हट्ट केला, सर. जाताना तेवढं ऐकलं तुमचं.”

त्याआधीही एकदा ऐकलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. चढ संपेपर्यंत हात धरून चालत राहिलो.